प्रश्न वाचकांचे : शाळांचे सुपरिंटेंडंट आणि त्यांचे काम

अमेरिकेत मुलांना सरकारी शाळेत घालणाऱ्या मराठी पालकांची पत्रे या सदराकडे नियमाने येतात आणि त्यांत एक पद पुन्हा पुन्हा डोकावते : सुपरिंटेंडंट ऑफ स्कूल्स. या वेळी त्या एकाच पदाविषयीचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. बहुतेक पत्रे न्यू जर्सीतून आली आहेत, आणि मीही तिथल्याच एका गावाच्या शाळेत २२ वर्षे गणित शिकवले, त्यामुळे नियम सांगताना ते न्यू जर्सीचे सांगितले आहेत. अमेरिकेत शिक्षण हा राज्यांचा विषय असल्याने शेजारच्या पेनसिल्व्हेनियात किंवा न्यूयॉर्कमध्ये तपशील बदलतात, एवढे ध्यानात ठेवावे. ‘अधीक्षक’ हा मराठी प्रतिशब्द मी मुद्दाम टाळला आहे. अधीक्षक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वसतिगृहाचे, तुरुंगाचे किंवा एखाद्या कचेरीतले अधीक्षक येतात, आणि या पदाचे काम त्यांच्याहून पुष्कळ निराळे आहे.

प्रश्न : माझी मुलगी यंदा सहावीत गेली. दर आठवड्याला आम्हां पालकांना सुपरिंटेंडंटच्या सहीची ईमेल येते. शाळेत तर मुख्याध्यापक आहेतच. मग हे कोण? ते मुख्याध्यापकांचे साहेब, की सरकारचे अधिकारी? — एक पालक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : ते मुख्याध्यापकांचे वरिष्ठ आहेत, परंतु सरकारने पाठवलेले अधिकारी नाहीत. आपल्या गावाने निवडून दिलेल्या शिक्षण मंडळाने, म्हणजे बोर्ड ऑफ एज्युकेशनने, करार करून नेमलेले ते स्कूल डिस्ट्रिक्टचे मुख्य प्रशासक आहेत.

आधी ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ हा शब्द उलगडला पाहिजे, कारण डिस्ट्रिक्ट म्हणजे जिल्हा असे आपण सवयीने धरून चालतो आणि तिथेच घोटाळा होतो. न्यू जर्सीत बहुधा एका गावाचे एक स्कूल डिस्ट्रिक्ट असते. एवढ्याशा राज्यात अशी सुमारे ६०० डिस्ट्रिक्ट आहेत, आणि त्यांतल्या काहींकडे एकच लहानशी शाळा आहे. उलट फ्लोरिडात एका काउंटीचे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचे, एक याप्रमाणे ६७ डिस्ट्रिक्ट आहेत, आणि हवाईत तर सगळ्या राज्याचे मिळून एकच. साऱ्या देशात अशी सुमारे १३,००० डिस्ट्रिक्ट आहेत. प्रत्येकाचा कारभार, अंदाजपत्रक आणि शिक्षकांशी होणारा पगाराचा करार स्वतंत्र असतो.

न्यू जर्सीत मंडळावर साधारणपणे नऊ सदस्य असतात. ते तीन वर्षांसाठी निवडून येतात आणि त्यांना मानधन मिळत नाही. दिवसा कोणी विमा कंपनीत असतो, कोणी दवाखान्यात, कोणी घर सांभाळते. रात्री जेवून ही मंडळी बैठकीला येतात. शाळा त्यांनी चालवावी अशी अपेक्षाच नाही. राज्याच्या आचारसंहितेत सदस्यांसाठी स्पष्ट म्हटले आहे की, शाळांचा कारभार करणे हे त्यांचे काम नसून शाळा नीट चालल्या आहेत ना हे पाहणे त्यांचे काम आहे. प्रत्यक्ष चालवणारे माणूस म्हणजे सुपरिंटेंडंट. मुख्याध्यापक, शिक्षक, परिचारिका, बसचालक, स्वयंपाकघरातले कर्मचारी या सर्वांच्या कामाचा जबाब शेवटी त्यांना द्यावा लागतो.

हे पद निर्माण झाले ते १८३७ साली, बफेलो आणि लुइव्हिल या दोन शहरांत, एकमेकांपाठोपाठ. तोवर समितीचे सदस्यच सवड काढून शाळा तपासत आणि शिक्षक नेमत. शहरे वाढली तसे ते सवडीचे काम राहिले नाही. सुरुवातीचा सुपरिंटेंडंट हा निरीक्षकच होता; पुढे तो शाळांना वळण देणारा झाला. सेंट लुईसला १८६८ ते १८८० या काळात विल्यम टॉरी हॅरिस या पदावर होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १८७३ साली, सुझन ब्लो यांनी तिथे सरकारी शाळेतली पहिली बालवाडी सुरू केली. आज आपली मुले पाचव्या वर्षी फुकट किंडरगार्टनला जातात, त्या वाटेची सुरुवात तिथे झाली. शिकागोत एला फ्लॅग यंग यांनी १९०९ साली हे पद घेतले, तेव्हा अमेरिकेतल्या मोठ्या शहराच्या शाळांची धुरा प्रथमच एका स्त्रीकडे आली. तरीही आज देशातल्या शिक्षकांत सुमारे तीन-चतुर्थांश स्त्रिया असताना सुपरिंटेंडंटच्या खुर्चीत त्यांचे प्रमाण त्याहून बरेच कमी आहे, ही गोष्ट मला अजूनही खटकते.

सुपरिंटेंडंटचा खरा अधिकार कशात आहे, हे पाहायचे असेल तर मंडळाच्या एखाद्या बैठकीची विषयपत्रिका हातात घ्यावी. वीस-पंचवीस पानांचा गठ्ठा असतो. नव्या शिक्षिकेची नेमणूक, कोणाची बाळंतपणाची रजा, छपराची दुरुस्ती, आठवीच्या सहलीच्या बस, विज्ञानाचे नवे पाठ्यपुस्तक, असे एकामागून एक ठराव असतात आणि जवळजवळ प्रत्येकाच्या आरंभी एकच शब्द छापलेले असतात : ‘सुपरिंटेंडंटच्या शिफारशीवरून’. मग नावे पुकारून मतदान होते आणि प्रत्येक सदस्य हो किंवा नाही म्हणतो. सुपरिंटेंडंट त्याच टेबलाशी बसतात, त्यांना कोणत्याही विषयावर बोलण्याचा कायदेशीर हक्क असतो, पण मत नसते. मात्र न्यू जर्सीच्या कायद्यानुसार कोणाही कर्मचाऱ्याची नेमणूक, बदली किंवा बडतर्फी मंडळाला सुपरिंटेंडंटच्या शिफारशीवाचून करता येत नाही. ती शिफारस मंडळ नाकारू शकते, तेही मनमानी कारणाने नाही. आणि नाकारली तरी आपल्या भाच्याचे नाव तिथे घालू शकत नाही. मांडायचे एकाने आणि मंजूर करायचे दुसऱ्याने, अशी ही वाटणी आहे. पुढच्या सगळ्या उत्तरांत ती वाटणी पुन्हा पुन्हा येईल, कारण पालकांची निम्मी फरफट ती माहीत नसल्यामुळे होते.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातला निवृत्त केंद्रप्रमुख. सध्या मुलाकडे न्यू जर्सीत आलो आहे. नातवाच्या शाळेचे हे सुपरिंटेंडंट म्हणजे आपले शिक्षणाधिकारीच ना? त्यांची बदली कोण करते?

उत्तर : आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग फार महत्त्वाचा आहे, कारण त्याचे उत्तर ‘कोणीच नाही’ असे आहे, आणि दोन्ही पदांतला फरक तेवढ्या एका गोष्टीत पुष्कळसा उघड होतो.

जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी राज्याच्या शिक्षण सेवेतले असतात. राज्य त्यांना नेमते, राज्य त्यांची बदली करते, आणि जिल्ह्यात ते मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या हाताखाली काम करतात. शिक्षण समितीवर निवडून आलेले सदस्य असले तरी शिक्षणाधिकारी कोण असावा हे ती समिती ठरवत नाही. शिक्षकांची भरती राज्यपातळीवर पवित्र पोर्टलवरून होते, पुस्तके बालभारतीची असतात, पगार राज्याच्या तिजोरीतून येतो. त्यामुळे शिक्षणाधिकाऱ्यांचा बराचसा वेळ वरून आलेले खाली पोचवण्यात आणि खालची माहिती वर पाठवण्यात जातो, हे आपण केंद्रप्रमुख म्हणून माझ्यापेक्षा अधिक जवळून पाहिले असेल.

इथल्या सुपरिंटेंडंटला राज्याकडून मिळतो तो केवळ परवाना. त्यासाठी पदव्युत्तर शिक्षण, शाळेतला अनुभव आणि प्रशासनाची तयारी लागते. बहुतेक जण आधी शिक्षक, मग मुख्याध्यापक झालेले असतात. नोकरी मात्र गावाचे मंडळ देते, तीन ते पाच वर्षांच्या करारावर. पूर्वी न्यू जर्सीत या पदालाही कायमपण होते. १९९१च्या कायद्याने ते काढले. करार संपला आणि मंडळाने नवा केला नाही, तर सुपरिंटेंडंटना दुसऱ्या गावी अर्ज करावा लागतो.

आता गंमत अशी, की आपल्या शिक्षणाधिकाऱ्यांशी जवळचे नाते सांगणारे पद न्यू जर्सीत आहे, आणि त्याच्या नावातही सुपरिंटेंडंट हाच शब्द आहे. राज्याच्या २१ काउंट्यांसाठी राज्यपालांनी नेमलेले ‘एक्झिक्युटिव्ह काउंटी सुपरिंटेंडंट’ असतात. गावोगावच्या डिस्ट्रिक्टची अंदाजपत्रके आणि सुपरिंटेंडंटचे करार ते तपासतात. पालकांचा त्यांच्याशी क्वचितच संबंध येतो, पण कागदावर दोन्ही नावे दिसली की गोंधळ होतो. नातवाच्या शाळेतून ईमेल येते ती गावच्या सुपरिंटेंडंटची.

प्रश्न : आम्ही दोन वर्षांपूर्वी घर घेतले. मालमत्ता कराचा निम्म्याहून अधिक हिस्सा शाळांना जातो असे बिलावर दिसते, तो दरवर्षी वाढतो, आणि तरीही यंदा शाळेतले कार्यक्रम कमी केले. हा पैसा सुपरिंटेंडंट ठरवतात का? त्यांना जाब कुठे विचारायचा? — एक गृहस्थ, मध्य न्यू जर्सी

उत्तर : आपण बिल नीट वाचलेत, हे फार चांगले केलेत. न्यू जर्सीत मालमत्ता कराचा सरासरी निम्म्याहून थोडा अधिक भाग शाळांकडेच जातो. देशभर पाहिले तर शाळांच्या पैशात केंद्र सरकारचा वाटा साधारण दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो, आणि बाकीचा भार राज्य व स्थानिक कर यांच्यात विभागलेला असतो. ही विभागणी गावागणिक फार बदलते. श्रीमंत गावाला राज्याकडून थोडे मिळते, गरीब गावाला पुष्कळ. आणि तेही सहजासहजी झालेले नाही. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘अ‍ॅबट विरुद्ध बर्क’ या खटल्यात १९८५ पासून एकामागून एक निकाल दिले, तेव्हा कुठे गरीब शहरांतल्या मुलांसाठी राज्याला हात सैल करावा लागला.

अंदाजपत्रक सुपरिंटेंडंट तयार करतात, मंजूर मंडळ करते. त्यात सुपरिंटेंडंटच्या जोडीला बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर हा हिशेब सांभाळणारा अधिकारी असतो. आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून. आधीच्या हिवाळ्याच्या तोंडावरच मुख्याध्यापक आपापल्या शाळेच्या गरजा लिहून देतात, जानेवारीत बेरीज होते, आणि ती बेरीज हाती असलेल्या पैशापेक्षा नेहमीच मोठी असते. फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये राज्यपालांचे अर्थसंकल्पीय भाषण होते आणि पाठोपाठ कोणत्या गावाला राज्याकडून किती मिळणार तो आकडा येतो. तो आला की सुपरिंटेंडंटची खरी कसोटी सुरू होते. मार्चमध्ये मंडळ कच्चे अंदाजपत्रक स्वीकारते, एप्रिलअखेर किंवा मेच्या आरंभी जाहीर सुनावणी होते, आणि ज्या नव्या शिक्षकांना अजून कायमपण मिळालेले नाही त्यांना पुढच्या वर्षी ठेवणार की नाही हे १५ मेपर्यंत कळवावे लागते.

कर वाढूनही कार्यक्रम का घटतात? २०१० साली झालेल्या कायद्याने करवसुलीतली वार्षिक वाढ २ टक्क्यांवर रोखली आहे. आरोग्यविमा, विद्यार्थिसंख्येतील वाढ अशा थोड्या गोष्टींना त्यात सवलत आहे. त्यापलीकडे जायचे तर गावाचे मत घ्यावे लागते. दुसऱ्या बाजूला खर्चाचा सर्वांत मोठा भाग पगार आणि आरोग्यविमा हा असतो, आणि विम्याचे हप्ते २ टक्क्यांचे बंधन मानत नाहीत. त्यातच २०१८च्या कायद्याने राज्याच्या मदतीची सात वर्षांत फेरवाटणी ठरवली, तेव्हा काही गावांची मदत वर्षामागून वर्ष कमी होत गेली. कोविडच्या काळात केंद्राने तीन कायद्यांनी मिळून देशातल्या शाळांना सुमारे १९,००० कोटी डॉलर दिले होते. तो झराही सप्टेंबर २०२४ मध्ये आटला. त्या तात्पुरत्या पैशावर ज्यांनी कायमची माणसे नेमली, त्यांना पुढे ती कमी करावी लागली. मला विचाराल तर चांगला सुपरिंटेंडंट कोणता हे अशा वेळी कळते. एकदाच मिळणारा पैसा त्यांनी कशावर घातला, हे गावकऱ्यांनी पाहावे.

जाब विचारायचा तो सुनावणीच्या रात्री नव्हे, मार्चमध्ये. मी शिकवत होतो त्या गावची गोष्ट सांगतो. एका वर्षी राज्याची मदत घटली आणि सुपरिंटेंडंटनी कपातीची यादी मांडली, त्यात चौथीच्या मुलांना व्हायोलिन शिकवणारी जागा होती. मार्चच्या बैठकीला शाळेच्या वाचनालयात खुर्च्या कमी पडतील इतके पालक आले. एका आईने अंदाजपत्रक छापून आणले होते आणि पिवळ्या रंगाने एक ओळ रंगवली होती : दोन जुन्या बसच्या जागी दोन नव्या बस. तिने एवढेच विचारले, की यातली एक बस आणखी एक वर्ष चालणार नाही का? सुपरिंटेंडंट उठून ‘पाहून सांगतो’ म्हणाल्या, आणि पुढच्या बैठकीत त्यांच्या सुधारित शिफारशीत व्हायोलिनची जागा होती आणि बस एकच होती. मंडळाने एकमताने मंजुरी दिली. तीच बाई एप्रिलच्या अखेरीस आली असती तर छपाई होऊन गेली असती. वर सांगितलेली वाटणी इथे उपयोगी पडते : शिफारस पक्की होण्याआधी सुपरिंटेंडंटशी बोलावे, मग मंडळाशी.

प्रश्न : माझ्या मुलाला वर्गातली दोन मुले त्याच्या उच्चारांवरून आणि डब्यावरून सतत चिडवतात. शिक्षिकेला सांगितले, फरक पडला नाही. एका ओळखीच्यांनी सल्ला दिला की थेट सुपरिंटेंडंटना लिहा, म्हणजे खालचे हलतील. लिहू का? — एक आई

उत्तर : आपली काळजी मी समजू शकतो. मूल रोज डबा न खाता परत आणते तेव्हा घरात कोणाला घास जात नाही. तरीही पहिले पत्र सुपरिंटेंडंटना लिहू नये. ते पत्र मुख्याध्यापकांकडेच परत येईल आणि मधले दोन-तीन दिवस वाया जातील. पत्र मुख्याध्यापकांना लिहावे, ईमेलनेच लिहावे, आणि त्यात तारखा, ठिकाण आणि उच्चारलेले शब्द जसेच्या तसे द्यावेत. ‘सतत चिडवतात’ एवढ्याने काम होत नाही. ‘मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत अमुक म्हणाले’ असे हवे. वंश, राष्ट्रीय मूळ किंवा धर्म यांवरून झालेला त्रास आहे, हेही स्पष्ट लिहावे, कारण न्यू जर्सीच्या छळवादविरोधी कायद्यात या गोष्टींना थेट स्थान आहे.

२०११ साली मंजूर झालेल्या त्या कायद्याने घड्याळ लावून दिले आहे. तक्रार आल्यापासून शाळेच्या एका दिवसात चौकशी सुरू व्हावी लागते आणि शाळेचे दहा दिवस भरण्याआधी ती पूर्ण व्हावी लागते. चौकशीचा निष्कर्ष पुढच्या दोन शालेय दिवसांत सुपरिंटेंडंटकडे जातो. इथे त्यांचे काम सुरू होते : शिक्षा, समुपदेशन, जेवणघरात अधिक लक्ष, काय करायचे ते ते ठरवतात आणि मंडळाच्या पुढच्या बैठकीत तो अहवाल ठेवतात. त्यानंतर आपल्याला लेखी कळवले जाते. निष्कर्ष पटला नाही तर मंडळापुढे सुनावणी मागता येते, आणि तिथेही समाधान झाले नाही तर राज्याच्या शिक्षण आयुक्तांकडे दाद मागता येते. म्हणजे सुपरिंटेंडंट या साखळीत आहेतच; आपल्या हातात एवढेच, की पहिली कडी नीट जोडावी. दहा दिवस उलटूनही शाळेकडून काही आले नाही, तर मात्र आधीची ईमेल जोडून सुपरिंटेंडंटना जरूर लिहावे. त्या वेळी त्या पत्राला वजन असते, कारण त्यात त्यांच्या हाताखालच्या माणसांनी मुदत मोडल्याचा पुरावा असतो.

याच पत्रात आपण मुलाला वाचनात अडचण येते असेही लिहिले आहे. ती वाट वेगळी आहे. तपासणीची लेखी विनंती शाळेच्या चाइल्ड स्टडी टीमकडे, म्हणजे मुलांच्या शिकण्यातल्या अडचणी तपासणाऱ्या तज्ज्ञांच्या गटाकडे, करावी. वीस दिवसांत त्यांना आपल्याबरोबर बैठक घ्यावी लागते. विशेष शिक्षणाचा आराखडा, ज्याला सगळे आयईपी म्हणतात, तो १९७५ पासून चालत आलेल्या केंद्रीय कायद्याखाली पालक आणि तज्ज्ञ मिळून ठरवतात. पैसे नाहीत म्हणून सुपरिंटेंडंट त्यातली सेवा परस्पर काढू शकत नाहीत.

प्रश्न : बर्फ पडल्यावर सुट्टी कोण जाहीर करते? आणि दिवाळीची सुट्टी मिळावी म्हणून कोणाला भेटायचे? — अनेक वाचक

उत्तर : पहिल्या कामात सुपरिंटेंडंट एकटे असतात. मला एकांनी सांगितले होते, की वादळाच्या रात्री त्या साडेतीनला उठत, गावच्या रस्तेविभागाला आणि पोलिसांना फोन करत, शेजारच्या गावांतल्या सुपरिंटेंडंटशी बोलत, आणि मग स्वतः गाडी काढून चढाच्या दोन रस्त्यांवरून फिरून येत. कारण त्या दोन रस्त्यांवर बस घसरली तर बाकी गाव कोरडे असून उपयोग नाही. पाचच्या सुमारास निर्णय, लगेच सगळ्यांना संदेश. सुट्टी दिली आणि ऊन पडले तरी लोक रागावतात, नाही दिली आणि बर्फ वाढला तरी रागावतात. वर्षात १८० दिवस शाळा भरलीच पाहिजे, आणि एखाददुसऱ्या दिवसाचे शिक्षण ऑनलाइन करून ती गणती भरता येत नाही; म्हणून घेतलेली प्रत्येक जादा सुट्टी वसंतातल्या सुट्टीतून किंवा जूनमधून वजा होते.

दिवाळीचे काम मंडळाचे. वर्षाचे वेळापत्रक सुपरिंटेंडंट सुचवतात आणि मंडळ मंजूर करते, बहुधा वर्षभर आधी. ऑक्टोबरात अर्ज घेऊन गेल्यास उशीर झालेला असतो. सुट्टी नसली तरी न्यू जर्सीच्या राज्य शिक्षण मंडळाच्या धार्मिक सणांच्या यादीत दिवाळी आहे, त्यामुळे पालकांची चिठ्ठी दिल्यास ती गैरहजेरी मुलाच्या विरुद्ध धरली जात नाही. न्यूयॉर्क शहराची गोष्ट वेगळी : तिथे २०२३ साली राज्याने कायदाच केला आणि १ नोव्हेंबर २०२४ रोजी शाळांना दिवाळीची पहिली सुट्टी मिळाली.

प्रश्न : सुपरिंटेंडंट निवडणुकीने निवडले जातात का?

उत्तर : फ्लोरिडातल्या अनेक काउंट्यांत आणि अलाबामाच्या काही भागांत, होय. इतरत्र जवळजवळ सर्वत्र मंडळ नेमते. न्यूयॉर्क शहरात २००२ पासून शाळा महापौरांच्या ताब्यात आहेत आणि तिथल्या प्रमुखाला चॅन्सेलर म्हणतात.

प्रश्न : आमच्या गावात सात वर्षांत तिसरे सुपरिंटेंडंट आले. प्रत्येक जण नवी योजना आणतो आणि ती रुजण्याआधी जातो. असे का होते?

उत्तर : कारणे एकाहून अधिक आहेत. मंडळाच्या निवडणुकीत तीन-चार नवे सदस्य आले की बहुमत फिरते, आणि ज्यांनी सुपरिंटेंडंटना नेमले ते मागे पडतात. नव्या बहुमताला स्वतःचे माणूस हवे असते. कधी पगार हे कारण असते. न्यू जर्सीत २०११ साली सुपरिंटेंडंटच्या पगाराला राज्याने कमाल मर्यादा घातली, तेव्हा अनुभवी माणसे निवृत्त झाली किंवा सीमा ओलांडून न्यूयॉर्क-पेनसिल्व्हेनियात गेली. २०१९ साली ती मर्यादा उठवावी लागली.

टिकून राहिल्याने काय होते याचे मला आवडणारे उदाहरण कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचचे आहे. तिथे १९९२ ते २००२ कार्ल कोन आणि २००२ ते २०२० ख्रिस्तोफर स्टाइनहाउझर, म्हणजे २८ वर्षांत दोनच सुपरिंटेंडंट. दुसरे त्याच डिस्ट्रिक्टमध्ये वाढलेले, त्यामुळे आधीच्यांनी लावलेले उपटून टाकण्याची घाई झाली नाही. पुष्कळ गरीब आणि स्थलांतरित कुटुंबांची मुले असलेल्या या शहराच्या शाळांना २००३ साली शहरी डिस्ट्रिक्टसाठीचा ब्रॉड पुरस्कार मिळाला.

पण केवळ दीर्घ कारकीर्द पुरत नाही, हेही सांगितले पाहिजे. अटलांटात बेव्हर्ली हॉल १९९९ पासून बारा वर्षे सुपरिंटेंडंट होत्या. परीक्षांचे गुण चढत गेले आणि २००९ साली त्यांना देशातल्या सर्वोत्तम सुपरिंटेंडंटचा मान मिळाला. २०११ साली राज्याच्या चौकशीत ४४ शाळांतल्या १७८ शिक्षक व मुख्याध्यापकांची नावे गुणांच्या फेरफारात आली. हॉल यांच्यावर २०१३ साली आरोप ठेवले गेले. त्यांनी ते नाकारले, आणि खटला उभा राहण्याआधी २०१५ साली त्यांचे निधन झाले. त्या मंडळासमोर वर्षानुवर्षे चढते आकडे येत होते. आकडे एवढे कसे चढले, हा प्रश्न वेळेवर आणि नेटाने विचारला गेला असता तर कित्येक मुलांना लागणारी मदत वेळेवर मिळाली असती. आपल्या गावच्या मंडळाने नव्या सुपरिंटेंडंटकडे पहिल्या वर्षी गुणवाढ मागू नये. आधीच्या योजनेतले काय ठेवणार आणि का, हे मागावे. पालक म्हणून आपणही हाच प्रश्न पहिल्या बैठकीत विचारू शकता.

प्रश्न : आम्ही अजून एच-वन-बी व्हिसावर आहोत. मतदान करता येत नाही. मंडळाच्या बैठकीत आम्हाला बोलू देतील का?

उत्तर : अवश्य. मंडळाच्या निवडणुकीत मत देण्यासाठी आणि उभे राहण्यासाठी नागरिकत्व लागते, बोलण्यासाठी लागत नाही. १९७५च्या खुल्या बैठकांच्या कायद्याने या बैठका सर्वांना खुल्या आहेत. कर्मचाऱ्यांच्या वैयक्तिक बाबी, न्यायालयीन प्रकरणे अशा थोड्या विषयांसाठीच दार बंद करता येते. कोणताही सार्वजनिक कागद पाहायचा असल्यास, सुपरिंटेंडंटचा करारसुद्धा, आपल्या माहिती अधिकारासारखा तिथे ‘ओप्रा’ नावाचा कायदा आहे. अर्ज डिस्ट्रिक्टच्या कार्यालयात किंवा संकेतस्थळावर करता येतो.

विषयपत्रिका आधी संकेतस्थळावर येते, ती वाचून जावे. बहुतेक ठिकाणी दाराशी किंवा पुढच्या टेबलावर नाव लिहायचा कागद असतो आणि प्रत्येकाला तीन मिनिटे मिळतात. उभे राहून आपले नाव आणि गाव सांगायचे, मग मुद्दा. मूल कोणते, शिक्षिका कोण, ही नावे घेऊ नयेत. तीन मिनिटांत साधारण दीड पान वाचून होते, तेव्हा लिहून न्यावे आणि घरी एकदा घड्याळ लावून मोठ्याने वाचून पाहावे. मंडळ तिथल्या तिथे उत्तर देईलच असे नाही. पण सुपरिंटेंडंटसमोर वही असते, आणि बैठक संपल्यावर त्या टेबलाशी जाऊन ‘मला उत्तर कोणाकडून आणि केव्हा मिळेल’ असे विचारायला कोणाचीही हरकत नसते.